पहाटेची भूक

मिरजेत सगळं गाढ झोपलेलं असताना शर्वीला भूक लागायची. साधीसुधी नव्हे. कुणीतरी पोटात चूल पेटवून तवा तापत ठेवलाय आणि आता फक्त भाकरी थापायची राहिलीय, अशी. ती अंधारातच उठे, आईला जाग येऊ नये म्हणून भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जाई, डब्यात सापडेल ते घेऊन ओट्याला टेकून उभी राही आणि सारिकाआत्याला फोन लावी.

आत्या आरगला राहायची. तिचा पानमळा होता. ऊन चढायच्या आत विड्याची पानं खुडून, मोजून, ओल्या फडक्यात बांधून तयार ठेवावी लागत. पूर्वी पानं ट्रकने जायची, आता वारा पडलेला असताना ड्रोन येऊन पेट्या उचलून नेत. पण आत्याची वेळ तीच राहिली होती. तीसेक वर्षं ती सूर्याच्या कितीतरी आधी उठून, पोटभर जेवून मळ्यात शिरत आली होती.

"उठलीस?" आत्या विचारी.

"तूच उठवलंस."

"मी कशाला उठवू? मी हितं चुलीपुढं, तू तिथं मिरजंत. काय खातीयास?"

"टोस्ट."

"टोस्टानं काय हुतंय? माझा तुकडा हाय तो. उपाशी मारतीस व्हय त्याला?"

शर्वी तोंड दाबून हसे. मग दोघी खात खात बोलत. जगातलं काहीही. आत्याच्या रानात शिरलेलं साळिंदर, कॉलेजातला एक मुलगा जो प्रयोगशाळेत ॲप्रन उलटा घालतो, ढगांना वजन असतं का, मेलेली माणसं स्वप्नात म्हातारी का होत नाहीत. खिडकीबाहेर आकाश शाईसारखं असे, आणि फोनमधून आत्याच्या चुलीतल्या शेवरीच्या काटक्यांचा तडतडाट येई. दिवसा आठवलं की ते बोलणं खरंच झालं की स्वप्नात, असा प्रश्न पडावा, अशी ती वेळ. उजेड फुटला की आत्या म्हणे, "ठेवते. पानं वाट बघत्यात." मग शर्वी पुन्हा झोपे.

तुकडा हा त्या घरातला रोजचा शब्द होता. शर्वी चिडली की आई म्हणायची, "तुकडा बोलतोय." शर्वीने कारल्याची भाजी मागितली की वडील म्हणायचे, "आक्काचा तुकडा, दुसरं काय!" तो खराच होता. शर्वीच्या पोटात उजव्या बरगड्यांखाली दोन यकृतं होती. एक तिचं स्वतःचं आणि त्याला चिकटून, शेजारणीसारखा बसलेला, आत्याच्या यकृताचा तुकडा.

शर्वी जन्मली तेव्हा पिवळी होती. बरीच बाळं सुरुवातीला तशी दिसतात आणि मग निवळतात. ही निवळली नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हाताऱ्या होऊन मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचं एक पिवळं द्रव्य मागे उरतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीराला बाहेर टाकता येत नाही. यकृत त्याला साखरेच्या जातीचा एक रेणू जोडतं. मग ते विरघळतं आणि पित्तातून निघून जातं. ही जोडणी एक विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. शर्वीचं यकृत बाकी सगळी कामं चोख करायचं, पण तेवढं एक विकर त्याला बनवता येत नव्हतं. ते पिवळं द्रव्य साचत साचत मेंदूपर्यंत पोचलं असतं, तर ती बोलायला शिकण्याआधीच संपली असती.

तिच्या आईवडिलांचं लग्न घरातल्या घरात झालेलं. वडील रणजित यांनी मामाच्या मुलीशी, म्हणजे प्रियांकाशी लग्न केलं; त्यांच्याकडे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दोघांच्या सामाईक आजीआजोबांपैकी कुणाकडे तरी त्या विकराच्या जनुकाची एक बिघडलेली प्रत होती. एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल तर माणूस जन्मभर धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. ती बिघडलेली प्रत त्या मामाकडून शर्वीच्या आईत आणि मामाच्या बहिणीकडून, म्हणजे रणजितच्या आईकडून, वडिलांत उतरली, आणि दोन्ही शर्वीत येऊन भेटल्या. सोयरीक सारिकाआत्यानेच जुळवली होती. "घरची पोर घरात यील," असं म्हणून.

निळा प्रकाश त्वचेवर पडला की बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि तो यकृताच्या मदतीशिवाय बाहेर पडू शकतो. म्हणून शर्वी रोज रात्रभर निळ्या दिव्यांखाली, जवळजवळ उघडी झोपायची. निळं छत, निळी उशी, आत येऊन थोपटणारा आईचा निळा हात. कितीतरी दिवस तिला वाटायचं, रात्र सगळ्यांचीच निळी असते. पण मूल वाढतं, कातडी जाड होते, शरीराच्या मानाने तिचं क्षेत्रफळ कमी पडतं, आणि निळा उजेड अपुरा होत जातो. सातव्या वर्षी तो अगदीच पुरेना. तेव्हा आत्याने आपल्या यकृताचा डावा भाग दिला. डॉक्टरांनी शर्वीचं मूळ यकृत काढलं नाही. न जाणो, पुढेमागे ते दुरुस्त करायचा उपाय निघालाच तर?

तो उपाय आता निघाला होता.

*

डॉ. तहसीन मुजावर यांच्या खोलीत खिडक्या बंद करून भिंतीवर शर्वीचं पोट उजळवलं होतं. माणसाएवढं मोठं, जिवंत, श्वासाबरोबर हलकेच वरखाली होणारं. दोन यकृतं दोन मंद कंदिलांसारखी दिसत होती.

"हे तुझं," डॉक्टर म्हणाल्या, "आणि हे आत्याचं. गेल्या वर्षी तुझ्या शिरेतून सोडलेले चरबीचे थेंब आठवतात? त्यांच्या पोटातल्या कात्रीने तुझ्या यकृताच्या पेशींमध्ये जाऊन जनुकातलं एक अक्षर दुरुस्त केलं. आज तुझं यकृत स्वतःचं काम स्वतः करतंय, बेटा. मुबारक."

शर्वी त्या दोन कंदिलांकडे बघत राहिली. "मग तुकड्याचं काय?"

"तेच बोलायचंय. ठेवायचा म्हटलंस तर ठेव, पण मग शरीराने त्याला परकं म्हणू नये म्हणून त्या गोळ्या जन्मभर. तुझी मूत्रपिंडं आताच कुरकुरायला लागलीत. किंवा गोळ्या बंद करायच्या. तो आपोआप सुकत जाईल." डॉक्टरांनी दुसऱ्या कंदिलावर बोट ठेवलं. "किंवा पुढे पाठवायचा. आता ते करता येतं. खाली एक चार वर्षांची मुलगी आहे, जत तालुक्यातली. तुझाच आजार. घरात कुणाचं जुळत नाही. जनुकाची दुरुस्ती इतक्या लहान यकृतात टिकत नाही, तू मोठी होईपर्यंत आपणही थांबलोच होतो. तोवर तिला तुकडा हवा, आणि हा जुळतोय."

जाताना त्यांनी शर्वीला तळमजल्यावरून नेलं. काचेपलीकडे निळी खोली होती. त्या निळ्यात एक मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून, हात पसरून झोपली होती, जणू पाण्यावर तरंगतेय. शर्वीने काचेला कपाळ टेकवलं. काच कोमट होती. तिला एकदम वाटलं की आपण आत आहोत आणि बाहेर कुणीतरी मोठी, अनोळखी मुलगी उभी राहून आपल्याकडे बघतेय.

"डॉक्टर, मला पहाटे भूक लागते ती कुणाची?"

डॉक्टर हसल्या. "घरचे सगळं तुकड्यावर ढकलतात ना? कारलं, राग? त्यात काही तथ्य नाही." मग त्यांचं हसू ओसरलं. "पण भुकेचं म्हणशील तर, आहे. प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, यकृतातलं जेवणाच्या वेळेवर. उंदरांच्या अंगात परक्या यकृतपेशी वाढवल्या तेव्हा उंदरांची झोपायची-उठायची वेळच सरकली होती. तुझ्या आत्याचं यकृत वर्षानुवर्षं पहाटे जेवणारं. ते तुझ्यात आल्यावर वेळेला जागं झालं, तुला भूक लागली. आजारी पोर मागतेय म्हणून आईने पहाटे खाऊ घातलं. रोज. म्हणजे त्या घड्याळाला कुणी ना कुणी चावी देत राहिलं."

"आणि तुकडा गेला की?"

"उजाडेपर्यंत झोपशील. सगळ्यांसारखी."

*

रणजितने घरी येताच पेढे वाटले. "चला, सुटलो! देऊन टाकू. पुण्याचं काम आहे."

"आत्याला विचारायला हवं," शर्वी म्हणाली.

"आक्काला काय विचारायचंय त्यात? कायद्याने तुकडा आता तुझा. आणि ती काय नाही म्हणणारय? आजवर कधी म्हणालीय?"

प्रियांका मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "म्हणून तर विचारायचं असतं. जमिनीच्या हक्कसोडीच्या वेळीपण हेच. आधी वकील गेला सही घ्यायला, मागनं तुम्ही गेला पेढे घेऊन."

"आता ते कशाला काढतेस?"

"मी कुठं काढतेय? पेढ्यांवरनं आठवलं."

त्या पहाटे शर्वीने फोन लावला, पण तिला सांगता येईना. आत्या मुंगसाची गोष्ट सांगत राहिली आणि शर्वी नुसतीच 'हं' म्हणत राहिली. हे सगळं तिच्या पोटातल्या एका मूठभर मांसावर उभं आहे, हे कळल्यापासून तिला ते बोलणं बुडबुड्यासारखं वाटायला लागलं होतं. बोट लावलं तर फुटेल. ठेवायचा म्हटलं तर ठेवता येत होता. गोळ्या काय, लोक जन्मभर खातातच की. मूत्रपिंडं कुरकुरतात तर कुरकुरू देत. पण मग तिला ती कोमट काच आठवे.

रविवारी ती आरगला गेली.

पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. शर्वीने चपला बांधावर काढल्या आणि ती आत वाकून शिरली. बाहेर रणरणतं ऊन होतं, आत हिरवा अंधार. पाय गार चिखलात रुतत होते. शेवरीच्या उंच खोडांवर चढलेले वेल आत्या वरून सोडवून खाली आणत होती. वर्षातून एकदा ही उतरण करावी लागते. वेल वर वर जाऊन दमतो, पान बारीक येतं. मग त्याला उतरवून, वेटोळं करून, बुडाशी मातीत पुरायचा. तिथे तो नव्याने मुळं धरतो.

"हिकडं कुठं तू? कालिज न्हाई? धर हे टोक," आत्या म्हणाली.

शर्वीने वेल धरला आणि सगळं सांगितलं. दोन कंदील, गोळ्या, जतची मुलगी, भुकेचं घड्याळ, वडिलांचा कायदा. आत्या ऐकत ऐकत वेटोळं घालत राहिली.

"रणजितला कवा कळलं?"

"मंगळवारी."

"आज आइतवार." आत्याने हातातली माती झटकली. "माझी सही लागत न्हाई म्हंजे मी लागत न्हाई व्हय गं? तवा पोट फाडताना तर हात जोडून उभा हुता दारात. आक्का, आक्का करत."

"म्हणून तर मी आले."

"तू आलीस. त्यो न्हाई आला." तिने पुन्हा वेल हातात घेतला. वर कुठेतरी पानांतून वारा गेला आणि उजेडाचे ठिपके त्यांच्या अंगावरून माशांसारखे पळाले. "ती पोर झोपती का निळ्यात?"

"झोपते. सवय होते."

"तू न्हाई झोपायचीस. हात आत घातला की बोट धरून ठेवायचीस. सोडायचीच न्हाईस."

"आत्या, मी तुकडा ठेवून घेऊ का?" शर्वीच्या तोंडून निघून गेलं. "मला पहाटे उठायचंय. तू एकटी पडशील."

आत्याचे हात थांबले. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की शर्वीला वाटलं, आता ती 'ठेव' म्हणणार. मग ती खाली बसली, चिखलातच.

"माझ्याकडनं उत्तर काढून घिऊ नगंस. ठेव म्हनलं तर ती पोर निळ्यात ऱ्हाती आन् तुझ्या किडन्या जात्यात. दे म्हनलं तर आपली पहाट जाती. दोन्ही माझ्याच पदरात घालतीस व्हय? तुझ्या आईबापाची सोयरीकसुदीक मीच जुळवली हुती, तुझ्या जन्माच्या आधी. तेवढं पुरं झालं. आता तुझं तू ठरव." तिने नाक पुसलं, गालाला माती लागली. "पर ठरवलं की मला बोलाव. पोरगी सासरी लावून देताना बी माहेरच्या मानसाला बोलावत्यात."

शर्वी हातातल्या वेलाकडे बघत राहिली. उतरवलेला वेल फार केविलवाणा दिसतो, जून आणि उघडा. ती त्याला हळूहळू गोल फिरवत मातीत बसवू लागली. आत्या बसल्या बसल्या बघत होती. "सैल घाल," ती म्हणाली, "आवळू नगंस."

वेटोळं पुरून झालं तेव्हा शर्वी म्हणाली, "देते."

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी आत्या आली. वडिलांनी तिच्यासाठी गाडी पाठवली होती. स्वतः न जाता पाठवली म्हणून ती परत पाठवून आत्या बसने आली. मग रणजित स्टँडवर जाऊन उभा राहिला. दोघं बोलत बोलत आली की न बोलता, ते शर्वीला कळलं नाही. तिला आत नेताना तिने मान वळवून पाहिलं तेव्हा लांबलचक पांढऱ्या बोळात आत्या उभी होती, चपला भिंतीशी काढून ठेवलेल्या, अनवाणी.

भूल चढताना शर्वीला दिसलं की ती हिरव्या अंधारात चाललीय. पुढे कुणीतरी कंदील घेऊन चाललंय. झाडांमागे निळं पाणी आहे आणि कंदील त्या पाण्याकडे जातोय. तिने हाक मारली नाही. कंदील पाण्यात उतरला, विझला नाही. पाण्याखालून तसाच तेवत लांब लांब गेला.

महिनाभराने ती घरी स्वतःच्या अंथरुणात झोपायला लागली. उजाडेपर्यंत. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोर रात्रभर सलग झोपली!" ती शेजारणीला सांगत होती. उन्हं खिडकीतून थेट तोंडावर येत, तेव्हा शर्वी जागी होई आणि काहीतरी हरवल्यासारखी अंथरूण चाचपे.

आत्याला ती दुपारी फोन करू लागली.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"मघाशीच. बाकी काय?"

"काही नाही. तुझं?"

"बरं हाय."

मागून बायकांच्या हाका येत, मोटारीचा आवाज येई. दुपारी ढगांच्या वजनाबद्दल कसं विचारायचं? दुपारी मेलेल्या माणसांचं कुणी बोलत नाही. दोघीही भल्या माणसांसारख्या चौकशा करून फोन ठेवत.

मग एके रात्री शर्वीने पहाटेचा गजर लावला. डोळ्यांवर झोप होती, पोटात भूक नावालाही नव्हती. ती ओट्याला टेकून भाकरीचा एकेक घास पेंढा चावावा तसा चावत राहिली.

"कशाला जिवाचं हाल करतीस?" आत्या फोनवर म्हणाली. "झोप की गपगार."

"शिकवतेय."

"कुणाला?"

"माझ्या यकृताला. जेवण दिलं की त्याचं घड्याळ सरकतं. डॉक्टर म्हणाल्या, सरकेल कदाचित. वेळ लागेल."

पलीकडे आत्याने चुलीत काटक्या सारल्या, त्या तडतडल्या. "दांडगं आडमुठं यकृत हाय तुझं," आत्या म्हणाली. "बापावर गेलंय."

कितीतरी आठवडे असे गेले. शर्वी वर्गात पेंगायची. आई ओरडायची. कधी गजर ऐकूच यायचा नाही, मग सबंध दिवस तिला फसवल्यासारखं वाटायचं. आत्याने एकदा सांगितलं की डॉक्टरांचा फोन आला होता; जतच्या पोरीच्या आईला बोलायचंय, दोन्हीकडून होकार असेल तर नंबर देतील. "दे म्हनलं," आत्या म्हणाली आणि पुढे साळिंदराकडे वळली. शर्वीने ते झोपेतच ऐकलं.

आणि एका पहाटे ती जागी झाली. गजर झाला नव्हता. खिडकीत आकाश शाईसारखं होतं. काय झालं हे तिला आधी कळेचना. मग पोटात काहीतरी हळूच हललं. पूर्वीसारखी चूल नव्हती ती. पाहुण्यांच्या घरी आलेल्या लाजऱ्या मुलाने दारातूनच विचारावं, तशी बारीकशी भूक. पण होती. तिची स्वतःची होती.

ती जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेली आणि तिने फोन लावला.

लाइन व्यस्त होती.

तिने पुन्हा लावला. व्यस्त. यावेळी? जगात आत्याला यावेळी फोन करणारं तिच्याशिवाय कोण होतं? तिसऱ्यांदाही तेच, आणि ती हातात भाकरी धरून अंधारात नुसतीच उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, जतची हाय लायनीवर," आत्या धापा टाकत, कुजबुजत बोलत होती. "पोरीची आई. दवाखान्यातनं घरी आणून चार दिस झालं, पोर रोज काळोखात उठून जेवाय मागतीया. ही बया घाबरून रडतीया, म्हनती पोरीला काय झालं. आता मला ते तुझं घड्याळाचं सांगता येतंय व्हय? तू बोल. जोडते. थांब, कुठलं बटन ते..."

खरखर झाली. मग एका दमलेल्या, अनोळखी घरातला आवाज आला. भांडं सरकल्याचा, पंख्याचा, कुणाच्या तरी हुंदक्याचा. आणि फोनच्या अगदी जवळून, तोंड भरलेलं असताना बोलतात तसा एक लहान आवाज:

"कोन हाय?"

शर्वीने भाकरीचा तुकडा मोडला.

"मी बी भुकेली हाय," ती म्हणाली.